बिनतोंडाची पाहुणी

मी चुकले होते, आणि ते मला सातवीतल्या एका मुलीनं वहीचं पान फाडून, त्यावर लिहून कळवलं.

पंचवीस वर्षं मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतेय. किडे, भुंगे, फुलपाखरं ही माझी खास मंडळी. मागच्या साली रानातल्या किड्यांवर एक पुस्तक आलं. त्यात एकोणिसाव्या पानावर मी टसरचा पतंग काढला होता. टसर म्हणजे रानातलं रेशीम. ते ज्याच्या कोशापासून मिळतं तो हा पतंग, पंख पसरले तर चांगला ताटलीएवढा. पान जरा मोकळं दिसत होतं, म्हणून मी त्याला कण्हेरीच्या फुलावर बसवलं आणि त्याची सोंड फुलात घातली. चित्र झकास झालं होतं. आपल्याच तोंडानं सांगू नये, पण झालं होतं.

पत्र असं होतं: "मॅडम, तुमच्या पुस्तकात पान एकोणीसवर पतंग फुलातला रस प्यायलाय. त्याला तोंड नसतंय. आमच्याकडं हे पतंग असतेत. येऊन बघा. तुमची आज्ञाधारक, दुर्गा." खाली गावाचं नाव, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी, आणि आईचा फोन नंबर.

दोन दिवस मी फणफणले. तिसऱ्या दिवशी जाडजूड पुस्तकं काढून बघते तर काय, पोरगी बरोबर. या पतंगाला खायचं तोंडच नसतं. जन्म किडे काढण्यात घालवलेल्या बाईला हे माहीत नसावं म्हणजे दिव्याखाली अंधार. पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार होती, तेव्हा चूक सुधारायला अजून वेळ होता. मी फोन लावला.

"माज्याकडं एक जिता कोसा हाय," दुर्गा म्हणाली. कोसा म्हणजे या पतंगाचा कोश. "पर पोळ्याच्या आत या. पोळ्याला त्याचं काय खरं न्हाई."

पोळ्याला काय होणार होतं ते तिनं सांगितलं नाही. मी पिशवी भरली.

पोळ्याला तीन दिवस

कोल्हापूर ते परभणी या प्रवासाबद्दल माझी पाठ सोडून कुणाला काही सांगायचं नाही, तेव्हा तो भाग सोडून देऊ. परभणीहून एसटीनं जिंतूर, आणि जिंतूरहून दाटीवाटीच्या जीपनं येलदरी. तिथं पूर्णा नदीवर मोठं धरण आहे. पाणी इतकं भरलं होतं की मासे धरणारे थर्माकोलच्या तुकड्यावर बसून पार मधोमध गेले होते आणि इकडून ते बगळ्याएवढे दिसत होते. दुर्गाचं गाव धरणामागच्या टेकड्यांत. शेवटचे दोन मैल चालत.

माझ्या पायात अस्सल कोल्हापुरी चप्पल होती. पोरांनो, परभणीच्या काळ्या रानात पावसाळ्यात कोल्हापुरी घालून जाऊ नका. आमच्याकडचा चिखल पाय धरतो, तिथला चिखल पाय ठेवूनच घेतो. मी पाय ओढला तर पाय आला आणि चप्पल राहिली. ती उपसून काढली तेव्हा तिचा अंगठा तुटलेला होता. अशा थाटात, एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन, मी दुर्गाच्या अंगणात पोचले.

दोन वेण्या, गुडघ्याला खपली आणि मुलाखत घ्यायला बसल्यासारखं तोंड, ही दुर्गा. तिच्यामागं तिची आई सुमनताई तांब्या घेऊन उभी. वडील सेलूच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, हमालीला गेले होते, पोळ्याच्या सकाळी येणार होते. आणि बाजेवर बसलेले, पांढऱ्या मिशांचे, दुर्गाचे आजोबा. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं.

आबांनी माझ्याकडं बघितलं नाही, चपलेकडं बघितलं. "द्या हिकडं," म्हणाले.

त्यांनी टोपल्यातनं एक करड्या रंगाची, चिकूएवढी लांबट गोळी काढली. एका टोकाला भोक. विळ्यावर धरून त्यांनी ती गोल गोल फिरवत कापली, आपण सफरचंदाचं साल एका दमात काढतो तशी. हातभर लांब वादी निघाली. ती पाण्यात भिजवून त्यांनी चपलेचा अंगठा बांधला आणि दातानं ओढून गाठ घट्ट केली.

"हे काय?" मी विचारलं.

"कोसा. भोक पडलेला. त्याचा दुसरा काय उपेग न्हाई. विळ्याची मूठ बांधा, चाबूक बांधा. चप्पल झिजंल, ही वादी तुटायची न्हाई."

म्हणजे मी जे बघायला तीनशे मैल आले होते ते पहिल्याच तासाला माझ्या पायात आलं.

मग मी वर बघितलं. आढ्याला एक माळ टांगली होती. एकवीस कोसे, सगळे बंद, देठासकट सुतळीत ओवलेले. आबांनी ती काठीनं खाली घेतली आणि माझ्या कानाजवळ हलवली. आतून खुळखुळ, खुळखुळ असा जड, घुमणारा आवाज आला.

"पाखऱ्याची माळ," आबा म्हणाले. पाखऱ्या त्यांचा बैल. "पोळ्याला अशी माळ पंचक्रोशीत कुनाच्या बैलाच्या गळ्यात नसती. माजा बाप करायचा, म्या करतो. एकेक कोसा कानाला लावून हलवायचा. वाजला तर पास. भोक पडलेला वाजत न्हाई, तो नापास, वादीला. पास झालेले खांदेमळणीच्या दिवशी गुलाबी रंगात उकळायचे."

दुर्गानं माझ्याकडं बघितलं. मला तिच्या फोनमधलं ते वाक्य कळलं.

"आबा," ती म्हणाली, आणि हे ती आज पहिल्यांदा म्हणत नव्हती हे तिच्या आवाजावरून समजत होतं, "जे वाजायलंय तेच जितं हाय. आत झोपलंय ते."

"आगं, वाळल्या शेंगंतली बी वाजती तसं वाजायलंय. जितं आसतं तर इतकं दिवस गप बसलं आसतं का?"

"भोक पाडून बाहेर गेलेले तेवढे तुमी नापास करायलाव, आन् झोपलेले उकळायलाव."

"बरं बाई, तुजा एक तुला ठिवलाय ना? बाकीचे मपले." आबांनी माळ परत आढ्याला टांगली. "ह्या मॅडमला पान्याचं तरी इचार."

विषय तिथं मिटला. दुर्गाचा एक कोसा सुपात, फांदीच्या तुकड्याला लोंबत होता. माळेतले एकवीस आढ्याला. खांदेमळणी, म्हणजे पोळ्याचा आदला दिवस, परवा.

रात्री सुमनताईंनी ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि येसराची आमटी वाढली. येसर म्हणजे धान्यं-मसाले भाजून केलेलं पीठ. आमच्या तांबड्या रश्श्याचा मला फार तोरा होता, पण त्या आमटीच्या तीन वाट्या प्यायल्यावर मी तो विषय काढला नाही. तिखटानं डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी "अजून वाढा" म्हणत होते.

दुसरा दिवस, ओढ्याकाठी

सकाळी दुर्गा मला ओढ्यावर घेऊन गेली. काठाला अर्जुनाची उंच, पांढऱ्या सालीची झाडं आहेत. ती चालता चालता शिकवत होती आणि मी शिकत होते, वही-पेन्सिल घेऊन.

"वर न्हाई, खाली बघा मॅडम," ती म्हणाली. जमिनीवर मिऱ्यांसारखे काळे दाणे पडले होते. "ह्या लेंड्या. ह्येच्या बरोबर वर आसतंय."

बरोबर वर होतं. माझ्या मधल्या बोटाहून लांब आणि अंगठ्याहून जाड, पोपटी रंगाचा सुरवंट, पानाला उलटा लोंबलेला. अंगाच्या कडेला चांदीचे ठिपके, पारा सांडल्यासारखे चकचकीत. तो पान खात होता, आणि खरं सांगते, खाण्याचा आवाज येत होता. पापड खाल्ल्यासारखा. मी पेन्सिल जवळ नेली तर त्यानं डोकं वर उचललं आणि दगडासारखा स्तब्ध राहिला, जणू तो तिथं नव्हताच.

दुर्गानं सांगितलं ते असं. मसुराएवढ्या चपट्या अंड्यातून हे पिल्लू मुंगीएवढं निघतं. मग खात सुटतं. महिना-दीड महिना दुसरा धंदा नाही. अंगाला कातडी पुरेनाशी झाली की जुनी टाकतं, असं चार वेळा. मग कोश विणायला घेतं, पण घर बांधायच्या आधी देठ बांधतं. फांदीला रेशमाचं कडं घालून, त्याला घट्ट दोरी, आणि दोरीच्या टोकाला घर. पान गळून पडलं तरी घर पडत नाही. हे तिनं मागच्या वर्षी शाळेच्या खिडकीतून बघितलं होतं, भूगोलाच्या तासाला, आणि त्यापायी अंगठे धरून उभीही राहिली होती.

"आणि तोंड?" मी विचारलं.

"आत्ता हायच की. आत्ता समदं खाऊन घेतंय. पतंग झाल्यावर मातर काय न्हाई. आट-धा दिवस जगतंय, ते ह्याच खाल्ल्यावर."

आम्ही दुपारपर्यंत ओढा पालथा घातला. तो एक उशिरा वाढलेला सुरवंट सोडला तर काही नाही. फांद्यांवर रेशमाची कडी तेवढी राहिली होती, देठ कापून नेलेले. आबांचा विळा सगळ्या झाडांवरून फिरला होता. दुर्गा एकेक कडं बोटानं फिरवून बघत होती आणि तिचं बोलणं हळूहळू थांबलं.

घरी आल्यावर मी सुमनताईंना हे सुरवंटाचं खाणं आणि पतंगाचा उपास सांगितला. भाकरी थापता थापता त्या हसल्या. "आमच्यावानीच की, ताई. ऊसतोडीला सहा म्हयने मर मर कमवायचं आन् मग हितं येऊन त्याच्यावरच दिवस काढायचे."

"कुठं जाता ऊस तोडायला?"

"तुमच्याच भागात. दसरा झाला की. कोल्हापूरच्या अलीकडं, पुलापाशी पालं पडतेत ना आमची."

तो पूल मला पाठ आहे. दर हिवाळ्यात माझी स्कूटर त्या पालांवरून जाते, आणि मी आजवर एकदाही थांबले नव्हते. मला लाज वाटली. त्यांना तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "मंग ह्या वर्षी थांबा," आणि दुसरी भाकरी टाकली.

संध्याकाळी दिवे लावायच्या सुमारास दुर्गानं मला हाक मारली, अगदी हळू. सुपातला कोसा एका टोकाला ओला झाला होता. आतून कुरकुर कुरकुर आवाज येत होता. कोसा इतका टणक की तो कापायला आबांना विळा लागायचा, आणि आतल्या प्राण्याला ना दात ना नख्या. मग तो बाहेर कसा येतो? तोंडाच्या जागी तो थेंबभर रस सोडतो, त्यानं रेशीम मऊ पडतं, आणि मग तो डोक्यानं धागे बाजूला सारतो. धागा तोडत नाही, सारतो.

आधी दोन पाय आले, लोकरी. मग ओलं केसाळ डोकं. मग सगळीच बाहेर आली, फुगलेल्या पोटाची, आणि पाठीवर पंख म्हणून चार ओल्या चिंध्या. ही मादी होती. ती फांदीवर चढली, उलटी लोंबली आणि चिंध्या खाली सोडल्या. मी चित्र काढायला घेतलं आणि पुरं करेपर्यंत ते चित्र खोटं झालं, इतक्या भराभर पंख वाढत होते. तासाभरात ती दुर्गाच्या दोन्ही तळव्यांत मावेना. हळदीच्या रंगावर राखाडी झाक. चार पंखांवर चार गोल, आणि त्या गोलांत चक्क काचा. रंग नाही, खवला नाही, आरपार. मी त्यातल्या एका काचेतून दिव्याची ज्योत बघितली.

मग भिंग घेऊन तोंड शोधलं. नव्हतं. केसांची एक झुबकी, बास. एकोणिसावं पान आठवून माझे कान तापले.

आबा मागं कधी येऊन उभे राहिले ते कळलं नाही. बराच वेळ ते बघत होते.

"हे त्याच्यात व्हतं?"

"व्हय."

"वाजत व्हता का हा कोसा?"

"तुमीच वाजवून पास केलता," दुर्गा म्हणाली.

आबांनी आढ्याच्या माळेकडं दोनदा बघितलं.

खांदेमळणी

मादी पतंग जागची हलत नाही. ती एक वास सोडते, आपल्याला मुळीच येत नाही असा, आणि नर तो वास कोसभरावरूनही हुडकत येतो. म्हणून रात्री आम्ही तिला अंगणाच्या कडेच्या अर्जुनावर ठेवली होती. आबांनी तिच्या पंखाच्या बुडाशी सुती दोऱ्याची सैल गाठ घातली. "वासराची गाठ हाय," म्हणाले. "काचत न्हाई आन् सुटत बी न्हाई."

सकाळी बघितलं तर ती एकटीच होती.

दुर्गानं कावळे हाकलायला काठी घेतली आणि झाडाखाली बसली. शाळेला जा म्हटलं तरी हलेना. नर आला नाही तर अंडी पोकळ राहतात. अंडी पोकळ राहिली तर ओढ्यावर पुढच्या वर्षी एकही कोसा नाही, कारण बाकीचे सगळे आढ्याला टांगले होते. तिनं हे मला एका दमात सांगितलं आणि नाक ओढलं.

दुपारी आबांनी चूल पेटवली. तपेल्यात गुलाबी रंग घातला. पाणी तापायला लागलं. माळ खाली काढून त्यांनी मांडीवर घेतली, आणि मग तसेच बसून राहिले.

मी पाहुणी. मी मध्ये बोलणार नव्हते. पण राहवेना. "आबा, यातला एखादा जरी..."

"कळतंय मला, बाई," ते म्हणाले. "पर सगळ्या गावात पाखऱ्याची वळख ह्या माळंवर हाय. मारुतीपाशी बैल आले की लोकं आवाजावरून म्हनतेत, आबाचा आला. ऐंशी सालापसून एक पोळा चुकला न्हाई. एक किडा जिता निगाला म्हनून एकवीसबी जिते आसतील का? रीत मोडायला कायतरी सबूत पायजे का नको?"

दुर्गा झाडाखालून उठून आली. तिनं भांडण केलं नाही. ती एवढंच म्हणाली, "आबा, हिचा नवरा ह्याच्यात आसंल तर? दुसरीकडं कुटं ऱ्हायलाच न्हाई. तुमी समदे आनलेत."

आबांनी तिच्याकडं बघितलं, मग झाडाकडं. तपेल्यातून वाफ यायला लागली होती. त्यांनी तपेलं उतरवलं.

"आजची रात," ते म्हणाले. "माळ झाडाला टांगतो, तिच्या शेजारी. सकाळपतुर एक जरी निगाला तर तू म्हनशील ते. न्हाई निगाला तर मपली रीत. कबूल?"

"कबूल," दुर्गा म्हणाली, पण तिचा चेहरा कबूल नव्हता. कोश माणसाच्या सवडीनं उघडत नाहीत हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

संध्याकाळी खांदेमळणी झाली. आमच्याकडं बैलांचा सण बेंदूर, तो आषाढातच उरकतो, त्यामुळं हे मी पहिल्यांदा बघत होते. वर्षभर जू वाहून निबर झालेले बैलांचे खांदे कोमट पाण्यानं धुतात, मग हळद आणि तूप लावून चोळतात. आबा पाखऱ्याचा खांदा चोळत होते आणि तो डोळे मिटून उभा होता, मालिश करून घेणाऱ्या पैलवानासारखा. शेवटी आबांनी त्याच्या कानात म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

परत येताना ते अर्जुनाखाली थांबले. मादीकडं बघून म्हणाले, "हिला काय आवतन द्यावं? जेवायला तोंड न्हाई बिचारीला." आणि तरी दोन बोटांनी हळदीचा एक ठिपका त्यांनी तिच्या फांदीला लावला.

पोळा

दुर्गानं मला उठवलं तेव्हा नुकतं फटफटत होतं. आबा आधीच झाडाखाली उभे होते, हातात कंदील, आणि तो विझवायचं त्यांना भान नव्हतं.

मादीच्या शेजारी दुसरा पतंग होता. तिच्याहून लहान, विटेसारखा तांबडा, डोक्यावर दोन कंगव्यांसारख्या रुंद मिशा. त्याच मिशांनी नर वास ओळखतो. दोघांची शेपटाकडची टोकं जुळलेली होती आणि आठही काचांतून उजेड येत होता. दुर्गा तोंडावर हात धरून उभी होती.

"रानातनं आला आसंल," आबा म्हणाले.

दुर्गानं माळ खाली घेतली. एक, दोन, तीन, ती बोटानं मोजत गेली. शेवटून तिसऱ्या कोशापाशी तिचं बोट थांबलं. कोशाचं टोक ओलं होतं, आणि त्याला करंगळी जाईल एवढं भोक.

आबांनी तो कोसा कानाला लावून हलवला. तो वाजला नाही. मग शेजारचा हलवला. तो वाजला, जड, घुमून. त्यांचा हात तसाच कानापाशी राहिला.

"ह्याला म्या काल दुपारी उकळनार व्हतो," ते म्हणाले. मग म्हणाले, "किती पोळे झाले गं माजे, दुर्गे?"

दुर्गा आजोबांचा सदरा धरून उभी राहिली. मी उगीच पेन्सिलीला टोक करत बसले.

शेवटी सुमनताईच अंगणातून सासऱ्यांना म्हणाल्या, "मामा, झालं ते झालं. तुमाला कुटं ठावं व्हतं? आता आजचं बोला. पाखऱ्या उगड्या गळ्यानं जायचा का मारुतीला?"

दुर्गा धावत जाऊन नापासांचं टोपलं घेऊन आली. भोक पडलेले, रिकामे, वादीसाठी ठेवलेले कोसे. तिनं एकात चिंचोका टाकला, भोकाला कापसाचा बोळा लावला आणि आबांना दिला.

आबांनी हलवला. "हलका वाजायलाय."

मग ज्वारीचे दाणे घातले. "ही तर खुळखुळ्याची पोरगी झाली. बैल हाय तो, बाळ न्हाई." मग मी ओढ्यावरून गारगोटीचे खडे आणले, वाटाण्याएवढे. आबांनी डोळे मिटून कान लावला. पुन्हा हलवला. त्यांच्या मिशा थोड्या हलल्या.

"पास," ते म्हणाले.

सकाळभर आम्ही चौघं खडे भरत बसलो. दुर्गाचे वडील सेलूहून झुली आणि गोंडे घेऊन आले, त्यांनाही कुणी काही न सांगता एक टोपलं पुढ्यात दिलं. भरलेले कोसे रंगात उकळले, सुकले, ओवले. दुपारी पाखऱ्या मारुतीपुढं आला तेव्हा पारावरून कुणीतरी न बघताच म्हणालं, "आबाचा आला." मी आबांच्या शेजारी उभी होते. त्यांनी फक्त धोतराचा सोगा नीट केला.

पुरणपोळीचा पहिला घास पाखऱ्यानं खाल्ला. दुसरा मी. माळेतले उरलेले वीस कोसे आबांनी आदल्या दिवशीच्याच फांदीला परत टांगले.

घरी आल्यावर

मादीनं अंडी घातली, पानांवर, सुपावर, जिथं जागा मिळेल तिथं. दुर्गाची मोजणी तीनदा चुकली. पुढच्या आठवड्यात मादी मेली, नर तिच्याही आधी. हे तिनं मला फोनवर न रडता, हवामानाची बातमी द्यावी तसं सांगितलं. मग म्हणाली, "पिल्लं निघालेत. मुंगीएवढे. खायला लागलेत."

पान एकोणीस मी नव्यानं काढलं. कण्हेरीचं फूल पुसलं. आता तिथं अर्जुनाची फांदी आहे, फांदीवर दोघं आहेत, आणि एका ठिकाणी हळदीचा ठिपका. वाचणाऱ्यांना तो चुकून सांडलेला रंग वाटेल, तर वाटू दे.

दसऱ्यानंतर एका सकाळी मी त्या पुलापाशी स्कूटर थांबवली. पालं पडली होती. सुमनताई मला बघून कोयता खाली ठेवून आल्या आणि आधी माझ्या पायांकडं बघून हसल्या. चप्पल झिजून पार सपाट झाली होती, वादी तशीच होती. दुर्गा शाळेसाठी गावीच थांबली होती, आबांजवळ. मी पुस्तक दिलं. त्यांनी हात पदराला पुसले, पान एकोणीस उघडलं आणि बराच वेळ बघितलं.

"तोंड न्हाई काढलं ते बरं केलं," त्या म्हणाल्या. "न्हाईतर पोरगी परत लिवती तुमाला."

"आबा कसे आहेत?"

"बरे हायती. रोज वढ्याला जातेत. आता नवे कोसे झालेत ना झाडावर, आता पार पावसाळ्यापतुर झोपतेत ते. मामा एकेकाला कान लावतेत, फांदी धरून हळूच हलवतेत. जड वाजला की म्हनतेत, 'झोप बाबा, तुजा पोळा लांब हाय.' आन् फांदी सोडून देतेत."